हार्थॉर्पच्या कुरणातले कंद

"विने, दाराला कडी घाल गं! ससे शिरतील वाफ्यात!"

वडिलांची ती हाक विनीच्या कानात अजून होती. दार मात्र नव्हतं, दाराची भिंतही नव्हती. हार्थॉर्प हॉलची साठ खोल्यांची कोठी पाडून एकवीस वर्षं झाली होती. बागेच्या जागी मेंढ्यांचं कुरण होतं, आणि सोमवारी त्यावर नांगर फिरणार होता.

पण त्या उन्हाळ्यात इंग्लंडात थेंब पडला नाही. गवत करपलं, आणि करपता करपता बोलू लागलं. खाली विटा-दगड असतील तिथे पिवळं, खोल माती असेल तिथे हिरवं. बुजलेली बाग कुरणावर रेघारेघांनी उमटली. ही भिंत, ही पायवाट, हे वाफे.

विनीला वडिलांचे कंद हवे होते. वडील हॉलचे माळी होते. बारा हिवाळे निवडून निवडून त्यांनी स्नोड्रॉप या पांढऱ्या फुलाची एक जात काढली होती, थंडी ओसरताना सगळ्यांच्या मागून फुलणारी. दुसरीकडे कुठेच ती नव्हती.

शनिवारी सकाळपासून तिने तीन हिरवे वाफे उकरले. धाकटा भाऊ क्लेम कुंपणाच्या फळीवर बसला होता.

"बस कर, विने. घुशीनंसुद्धा एवढं उकरलं नसतं."

"घुशीला फळीवर बसून चहा ढोसणारा भाऊ नसतो. उतर खाली."

"मेले असतील गं ते."

"मेलेले दाखव. पण आज दाखव. कोठी पाडताना कंद हलवलेस का, असं बाबांनी अंथरुणावरून तुला कितीदा विचारलं! हलवले, नीट आहेत, म्हणालास. कुठे हलवलेस?"

"आठवत नाही."

"मग मी सगळी बाग उकरते."

तळहाताचे फोड फुटले. तिने रुमाल गुंडाळला आणि चौथा वाफा धरला. माती, मुळं, एक फुटकी कुंडी. तिने पाचव्यात फावडं रोवलं, तेव्हा रुमाल लाल झाला होता.

क्लेमने कप खाली ठेवला. तो उतरला, तिच्याजवळून पुढे गेला आणि जुन्या भिंतीलगत, पार करपलेल्या पिवळ्या तुकड्यावर जाऊन उभा राहिला.

"हिरव्यात नको खणूस. इथे खण."

"तिथे नुसत्या विटा आहेत, क्लेम."

"माहीत आहे. पाडणाऱ्यांची गाडी मीच चालवायचो ना. मी कंद हलवलेच नाहीत, विने. कोठीच्या विटा त्यांच्यावरच ओतल्या, आणि घरी येऊन बाबांना खोटं सांगितलं."