मल्लव्वाची विभूती

राजेश्वर गावच्या बसवंतप्पानं चौऱ्याऐंशी साली सरकारी योजनेतून परसात गोबरगॅस बांधला, तेव्हा अर्धं गाव बघायला आलं आणि उरलेलं अर्धं नावं ठेवायला. त्याची बायको गुरुबाई चूल फुंकून फुंकून डोळे लाल करून घ्यायची. तिच्यासाठीच हा खटाटोप होता. खड्ड्यात शेणकाला ओतायचा, वरची लोखंडी टाकी गॅसनं उचलली जायची आणि नळीतून शेगडीला निळा जाळ यायचा. पहिला महिना तसं झालंही. मग टाकी खाली बसली ती बसलीच.

टाकी का बसली, हे आपल्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, असं बसवंतप्पाची आई मल्लव्वा धरून चालली होती.

चाळीस वर्षं गावाच्या कपाळावरची विभूती मल्लव्वाच्या हातची. देवणी गाईचं शेण भुईला लागायच्या आत झेलायचं, गोळे वाळवायचे, भाजायचे, राख वस्त्रगाळ करून वड्या पाडायच्या. विभूतीचा हात म्हणून म्हशीच्या शेणाला तिनं या चाळीस वर्षांत बोट लावलं नव्हतं, आणि हे ती दिवसाकाठी एकदा तरी कुणाला तरी सांगायची. घरातली विभूती सरत आली तेव्हा तिला घोर लागला. मुलाला विचारावं तर तो सरकारी कागद पुढं करायचा: चारी जनावरांचं शेण लागतं, पाटीभरही कमी चालणार नाही. मग लिंगपूजेला बसताना लोकांनी कपाळाला काय लावायचं, ज्वारीचं पीठ? तेव्हापासून ती सगळ्यांच्या आधी उठून गोठ्यात जाई आणि गाईच्या शेणाची पाटी कोठीमागं ठेवून येई. चोरी म्हणावी तर गाय घरचीच.

बसवंतप्पाला वाटलं, गाय आजारी आहे. त्यानं पेंड वाढवली, गूळ चारला, शेवटी बसवकल्याणहून जनावरांचा डॉक्टर आणला. डॉक्टरनं गाईची जीभ पाहिली, पोट दाबलं.

"हिला काय बी झालं न्हाई."

"मग शेण कामून टाकंना गेलीय?"

एवढ्या लांब येऊन रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून डॉक्टरनं जुलाबाची बाटली दिली. पुढचे तीन दिवस मल्लव्वाची झेलताना त्रेधा उडाली. गाईनं तिच्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती तिला जेवताना आठवत राहिली.

त्यात निरोप आला की सोमवारी तालुक्याचा साहेब पाहणीला येणार. एका वेळचा स्वयंपाक गॅसवर पुरा झाला तरच गावातले पुढचे आठ अर्ज मंजूर होणार होते. त्या आठ घरच्या बायका गुरुबाईला वाटेत गाठू लागल्या.

"पेटंल न्हवं, अक्का?"

"पेटंल की," गुरुबाई म्हणायची आणि घरी येऊन चूल फुंकायची.

मल्लव्वालाही वाईट वाटलं. रविवारी तिनं गाईचं शेण खड्ड्यात जाऊ दिलं. टाकी चार बोटं उचलली.

सोमवारी म्हैसूरकडचा, पुस्तकातलं कन्नड बोलणारा साहेब आला. शेगडीवर भात झाला, डाळ झाली आणि तिसऱ्या भाकरीला जाळ विझला. साहेबानं वहीत काहीतरी लिहिलं. बसवंतप्पाचं तोंड उतरलं. गुरुबाईनं तवा उचलून चुलीवर ठेवला.

ताटावर बसण्याआधी साहेबानं हातपाय धुऊन विभूती मागितली. कपाळावर तीन बोटं ओढली आणि वडी पुन्हा नाकाशी नेली.

"अशी आमच्याकडं मठातसुद्धा मिळत नाही," तो कन्नडमध्ये म्हणाला. "कुठून आणता?"

"अव्वा घरीच करते," बसवंतप्पानं ऐटीत सांगितलं.

"कशाची?"

"आमच्याच गाईच्या शे..." आणि बसवंतप्पा आईकडं बघतच राहिला.

मल्लव्वाच्याही कपाळावर विभूती होती. ती लावून खोटं बोलणं तिला जन्मात जमलं नव्हतं.

"व्हय, मीच घेते," ती म्हणाली. "दोन म्हयने झाले. गाय धडधाकट हाय, तिला आनी औषध पाजू नगं."

उठून तिनं कोठीमागून एकेक गाडगं आणून मांडलं. चार गाडगी काठोकाठ भरली होती. गावाला पाच वर्षं पुरली असती.

"पुन्हा शेण मिळंल न मिळंल, म्हनून करत गेले." मग सुनेकडं वळून तिनं विचारलं, "तुला तर ठावं नव्हतं न्हवं, गुरु?"

"तिसऱ्या दिसापासून ठावं हाय, अत्ती. तुमची पाटी मीच धुती की."

"मग बोललीस कामून न्हाई?"

"चाळीस वर्सांचं काम तुमचं," गुरुबाई भाकरी उलटत म्हणाली. "डोळ्याचं काय, पानी मारलं की बरं वाटतंय."

मुलाच्या शंभर बोलांनी लागलं नसतं तेवढं मल्लव्वाला हे लागलं. तिला आपली लाज वाटली. साहेबानं वहीतलं खोडून 'पंधरा दिवसांनी पुन्हा पाहणी' असं लिहिलं आणि जाताना दोन वड्या रुमालात बांधून नेल्या.

दुसऱ्या सकाळपासून मल्लव्वा गाईचं शेण झेलून स्वतः खड्ड्यात ओतू लागली. पंधराव्या दिवशी टाकी छातीइतकी वर होती. साहेबाचं जेवण झालं, वर दोनदा चहा झाला, तरी जाळ जळतच होता. आठही अर्ज मंजूर झाले. मल्लव्वानं टाकीवर विभूतीची तीन बोटं ओढली, सुनेच्या कपाळाला लावली आणि तिची हनुवटी धरून डोळे निरखले.

"अजून लाल दिसायलेत गं."

"आता थोडेच ऱ्हायलेत, अत्ती."

"बरं," मल्लव्वा म्हणाली. "मग उद्यापासून म्हशीचं बी मीच उचलते."