मानक नगरचा बर्फाळ वारा

एक किलो बर्फ. खसाचा, म्हणजे वाळ्याचा, ओला वास. चार हजार मीटर. कैरीच्या लोणच्याची बरणी. एका बापाची सही.

मित्रांनो, हे सगळं एकाच जन्मात कुणाच्या वाट्याला येतं का? माझ्या आलं. मी एक जुना कूलर आहे, लोखंडी पत्र्याचा. जन्म लखनौच्या जुन्या चौक भागातला. शेजारच्या दुकानात चिकनचं नाजूक भरतकाम चाले आणि आमच्या दुकानात हातोडा. तिथून सायकल रिक्षात बसून मानक नगरला आलो, रेल्वेत इंजिनिअर असलेल्या शरदरावांच्या क्वार्टरमध्ये.

मे महिन्यात माझी काय चैन! शरदरावांच्या पत्नी कांचनताई स्वतः टाकी भरत. पाहुणे आल्या आल्या माझ्यासमोरची खुर्ची धरत. दिवाळी झाली की मी बाल्कनीत. अंगावर फाटकी चादर, डोक्यावर लोणच्याची बरणी.

मागच्या जानेवारीत मात्र, धुक्याच्या एका सकाळी, माझी चादर निघाली.

झालं होतं असं, की शरदरावांच्या मुलीला, श्रुतीला, कॉलेजच्या गटाबरोबर हिमालयात, चार हजार मीटरवर, ट्रेकला जायचं होतं. तयारी म्हणून ती पाठीवर दहा किलो तांदूळ घेऊन चार मजले रोज चढायची. फॉर्मवर वडिलांची सही तेवढी राहिली होती, आणि फॉर्म त्याच संध्याकाळी द्यायचा होता. शरदराव चाचणी घेतल्याशिवाय कशावरच सही करत नसत.

लखनौत हिमालय कुठून आणायचा? तो मान मला मिळाला.

हॉलच्या मधोमध मला उभं केलं, टाकीत बर्फ ओतला. श्रुती जॅकेट घालून माझ्यासमोर स्टुलावर. अर्धा तास थंडी सोसली तर सही, नाहीतर पुढच्या वर्षी बघू. शरदराव स्वेटर घालून, वही आणि थर्मामीटर घेऊन माझ्या पाठीमागे बसले. तिकडे वारा लागत नाही ना, म्हणून.

बटण दाबलं आणि मलाच घाम फुटला. माझा पंखा उलटा फिरत होता. सगळा वारा पाठीच्या ओल्या खसाच्या जाळीतून मागे, थेट शरदरावांच्या मानेवर.

"बाबा, इधर तो हवा आ ही नहीं रही," श्रुती म्हणाली.

"चाचणीत बोलायचं नाही," असं म्हणून त्यांनी वहीत लिहिलं: वारा जाणवत नाही. सहनशक्ती उत्तम.

मी ओरडलो. पण माझं ओरडणं म्हणजे घर्रर्र. त्याची घराला सवय आहे.

दहाव्या मिनिटाला शरदरावांचं अक्षर बिघडलं. पंधराव्या मिनिटाला दात वाजू लागले. कांचनताईंनी त्यांच्या खांद्यावर शाल टाकली, आणि वर विचारलं, "अहो, परीक्षा पोरीची आहे की तुमची?" तिकडे श्रुती जॅकेटची चेन उघडून कपाळ पुसत होती.

तिसऱ्या शिंकेला शरदराव उठले.

"मागे एवढा गारठा," ते कुडकुडत म्हणाले, "तर समोर काय असेल. आण तो फॉर्म."

सही वाकडी आली, पण आली. पुढचे तीन दिवस ते पांघरुणात काढा पीत होते. श्रुती मे महिन्यात चार हजार मीटर चढून आली. नाकाची साल निघाली होती, बाकी ठणठणीत. आल्याबरोबर माझ्या पत्र्यावर थाप मारून "थँक यू यार" म्हणाली. इतक्या वर्षांत मला कुणी यार म्हटलं नव्हतं.

मित्रांनो, हिवाळ्यात आमच्या डोक्यावर बरणी ठेवा, हरकत नाही. पण टाकी कोरडी करा, गंज दिसला की रंगाचा हात द्या. आणि चालू केल्यावर समोर एकदा तळवा धरून बघा, वारा कुठे जातोय ते.

त्या जानेवारीच्या आधीच्या ऑक्टोबरात मिस्त्री मिळाला नव्हता, म्हणून माझ्या मोटरच्या तारा शरदरावांनी स्वतः जोडल्या होत्या.