शिळी लस

सोजराबाई दारात बसून ज्वारी पाखडत होती, तेव्हा संतराम सायकलवरून उतरला. संतराम म्हणजे गोरेगावच्या बाजूच्या खेड्यांतून देवीची लस टोचत फिरणारा सरकारी माणूस. लोक त्याला देवीडॉक्टर म्हणत. साल होतं चौऱ्याहत्तर.

"मावशी, उद्या तुमच्या बौद्धवाड्यात टोचायचं हाय. बाया भिऊन राहिल्या. तुमचं ऐकतेत त्या."

'मावशी' या एका हाकेनं सोजराबाई विरघळली. गावातलं दुसरं कोणी तिला अशी हाक मारत नव्हतं. लहानपणी देवी येऊन तिच्या चेहऱ्याची पार चाळण झालेली, त्यामुळे या रोगाचं भय तिला कोणी शिकवायला नको होतं. ती घरोघर फिरली, दटावलं, समजावलं, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या चार वर्षांच्या नातीला, जनकाला, रांगेत सगळ्यांच्या पुढं उभं केलं. संतरामनं आपलं बोट कोणाला लागू न देता सुया टोचल्या. लेकरांचे दंड आयांनीच धरायचे होते.

आठ दिवसांनी गावातल्या पोरांच्या दंडांवर टपोरे फोड आले. बौद्धवाड्यात एकालाही नाही. सोजराबाईनं संतरामला वाटेत गाठलं.

"तुमी काटक लोक, मावशी. लस अंगात जिरली. बेफिकीर राहा."

ती बेफिकीर राहिली. आपल्या माणसाच्या बोलण्यावर कोण शंका घेतं?

महिन्याभरात जनका तापानं फणफणली. तिसऱ्या दिवशी तोंडभर पुरळ उठलं. लागण होऊ नये म्हणून सोजराबाईनं सुनेला घराबाहेर ठेवलं आणि लेकराला एकटीनं मांडीवर घेतलं. बाराव्या दिवशी जनका गेली.

मग जिल्ह्याचे डॉक्टर संतरामला घेऊन जीपनं आले. त्यांनी बौद्धवाड्यातला एकेक दंड पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आजी, जिवंत लस अंगात गेली की शरीर तिच्याशी झगडतं, म्हणून फोड येतो. त्या झगड्यात ते रोगाला ओळखायला शिकतं. पुढं खरी देवी आली की लगेच ओळखून तिला मारतं. तुमच्या शरीराला ही ओळख लहानपणीच झाली, म्हणून नातीपाशी बसूनही तुम्ही वाचलात. या लेकरांना टोचलेली लस मेलेली होती. संतराम, कुपी कधी फोडली होती?"

संतराम खाली बघत म्हणाला, "आदल्या दिशी, साहेब. गावात टोचून उरलेली. दिवसभर उन्हात व्हती. वाड्याला उरलेलीच नेतो आमी, पहिल्यापासून."

उरलेली! धर्म घेतला त्या साली सोजराबाईनं गावच्या शिळ्या भाकरीला हात लावणं सोडलं होतं. दुष्काळात पोटाला फडकं बांधून झोपली, पण हात पसरला नाही. आणि तिच्याच शब्दावर, तिच्याच नातीच्या दंडात गावाचं शिळं गेलं होतं. तिला संतरामपेक्षा स्वतःचीच जास्त चीड आली.

"चुकलो, मावशी."

"मावशी म्हनू नको मला. फोड आला न्हाई तवाच तुला समदं ठाव व्हतं. तवा खरं बोलला असतास तं लेकरू वाचलं असतं."

जीप बघून आलेले गावचे मल्हारी पाटील घाईनं पुढं झाले. "साहेब, गावाचं नाव खराब व्हईल. हे लोक सुईला भिऊन लपले व्हते, असं कागदावर लिवा. सोजरे, अंगठा दे. उद्या तुला कामाला आमच्याच रानात यायचं हाय."

"अंगठा देत न्हाई. कोनी लपलं न्हाई, पाटील. म्या हाताला धरून समद्यांला उभं केलं व्हतं. तसंच लिवा, मंग मागा अंगठा."

डॉक्टरांनी तसंच लिहिलं. मग नवी कुपी फोडून, प्रत्येकाचा दंड स्वतःच्या हातात धरून त्यांनी पुन्हा टोचलं.

दुसऱ्या दिवशी सोजराबाई पाटलांच्या रानात गेली नाही. दोन कोस चालून ती शेजारच्या गावच्या बौद्धवाड्यात पोचली. संतराम तिथंही उरलेलीच लस घेऊन फिरला होता. नात गेल्याचं ऐकून बाया गळ्यात पडायला धावल्या. सोजराबाईनं त्यांना हातानंच थांबवलं.

"रडायचं मागून बघू. आदी लेकरं बाहेर आना, अन् बाह्या वर करा."