ओहोटीबाबाचं वाडगं

"ओहोटीबाबांचा विजय असो!"

रंगाऱ्यांची अख्खी गल्ली एका उंच स्टुलाभोवती गोळा झाली होती. पावसाची झड थांबत नव्हती, नदी काठोकाठ भरली होती, आणि वेधशाळेच्या इशाऱ्यावरून नगरपालिकेने सगळ्यांना टेकडीवरच्या शाळेत जायला सांगितलं होतं. पण कुणी जागचं हलायला तयार नव्हतं.

स्टुलावर जमिनीपर्यंत लोळणारं मखमली कापड, त्यावर पितळी वाडगं, वाडग्यात मधोमध बाबांचीच एक मूर्ती. बाबा तांब्याने पाणी ओतत होते आणि तोंडाचा पट्टाही चालू होता. "हा पूर आहे, बाळांनो! चढू द्या. चढून चढून जाईल कुठं? माझ्या गुडघ्याशीच ना?"

पाणी मूर्तीच्या गुडघ्यावर चढलं आणि आपोआप उतरू लागलं. बघता बघता वाडगं रिकामं!

"तुमच्या उंबऱ्याला शिवेल आणि असंच परतेल. मात्र एकानं जरी घर सोडलं, तर माझा इलाज नाही!"

म्हणजे पळवाट आधीच खणून ठेवलेली.

मुलांनो, मी आलो होतो धाकट्या बहिणीला न्यायला. तिचा नवरा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला.

"दादा, तू जा. ह्यांना उचलून कुठं नेऊ? बघितलंस ना, पाणी उतरलं ते?"

"अगं, वाडग्यातलं उतरलं!"

"तुझं मेलं नेहमीचंच. देव समोर आला तरी त्याला गणित घालशील."

तिची नात माझी बाही ओढत होती. "आजोबा, पण पाणी गेलं कुठं?"

"छान विचारलंस. शोध बघू."

पोरगी कापडाखाली शिरली. आतून आवाज आला, "इथं बादली आहे! भरलीये!"

"कार्टे, विटाळलंस सगळं!" बाबा ओरडले. तोवर मी वाडगं उलटं केलं होतं. बुडाला भोक होतं, खाली कापडाला आणि स्टुलालाही. मूर्तीच्या पोकळ पायात वाकवलेली नळी होती. तिचं एक तोंड वाडग्यात, बाक गुडघ्याएवढा उंच, दुसरं तोंड खाली.

मी रंगाऱ्यांच्या मुकादमाला विचारलं, "तुम्ही रंगाची टाकी कशी रिकामी करता?"

"नळी पाण्यानं भरायची, एक टोक टाकीत बुडवायचं, दुसरं खाली सोडायचं. मग टाकी आपोआप..." तो थांबला. त्याने वाडग्यात बोट घालून पाहिलं. "आयला! पाणी बाकावर चढलं की ही आपसूकच भरते. रोज जिच्यानं टाक्या उपसतो, तिलाच हात जोडत होतो की आम्ही!"

गल्ली खदाखदा हसली. त्या हशात बाबा कधी सटकले, कळलंच नाही.

बहीण मात्र हसली नाही. "वाडग्याचं कोडं सोडवलंस. नदीचं पाणी कोण उतरवणार?"

"कुणीच नाही. नळीतून पाणी जातं ते खाली बादली असते म्हणून. या गावाची बादली म्हणजे सगळ्यांत सखल असलेली तुमची गल्ली. आणि आता येतेय ती समुद्रावरच्या वाफेची नदी, आकाशातून वाहणारी, शेकडो कोस लांब. हवा तापते आहे, तशी ती वाफ जास्त धरते. डोंगराला अडली की सगळी इथंच ओतणार."

ती वळली. आत गेली आणि नवऱ्याच्या अंगावर चादर घट्ट खोचू लागली. चौघांनी खाट उचलली, आणि मागोमाग बहुतेक गल्ली टेकडीकडे निघाली.

शाळेच्या वरच्या मजल्यावरून आम्ही गल्ली बुडताना पाहिली. टाक्यांतला लाल-निळा रंग पाण्यावर पसरत गेला. तीन दारं अजून बंदच होती; आत माणसं बाबांच्या शब्दावर भरवसा ठेवून उंबऱ्याकडे डोळे लावून बसलेली असणार. आम्ही घसा फाटेपर्यंत हाका मारल्या. पावसात ऐकू जाणार कुणाला? होडीवाले त्या दिशेने निघाले होते. ते पोचेपर्यंत बघत राहण्यापलीकडे हातात काही नव्हतं.

"दादा, मग तुझ्या अकलेचा उपयोग काय झाला?" बहिणीने विचारलं.

"ती पूर अडवत नाही गं. वेळेवर उठवते, एवढंच."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीही येईल. घरं वर न्यायला हवीत."

"वर जागा कोण देणार?"

 मुलांनो, एवढं मात्र खरं, की हा प्रश्न कुठल्याच बाबाला विचारून सुटणार नव्हता. तो नगरपालिकेत जाऊन, सगळ्यांनी मिळून, उत्तर मिळेपर्यंत विचारायचा होता.