होळीच्या भोपळ्याला फुटलेला आवाज

मी एक भोपळा बोलतोय. हसू नका, परीक्षेत मिळतो तो मी नव्हे. मी कडू भोपळा. जन्म वसईजवळच्या होळी गावातला, विहिरीकाठच्या मांडवावरचा. आणि आज पाहाल तर ब्राझीलच्या बाहिया प्रांतात एका निळ्या भिंतीवर टांगलेला आहे. हे कसं झालं ते सांगतो.

माझी भाजी होत नाही. तोंडात घास टाकाल तर थुंकाल. तरी नथू म्हातारा दरवर्षी माझ्या जातीचा एक वेल लावायचा. वाळलेले भोपळे पोरांच्या कमरेला बांधायचे आणि पोरांना बावखलात सोडायचं. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. अर्ध्या गावाला नथूनं असंच पोहायला शिकवलं. पुढे बावखलं बुजवली गेली, त्यांच्यावर इमारती उभ्या राहिल्या. नथू वेल लावायचा काही थांबला नाही.

मी त्याच्या हातचा शेवटचा. त्यानं मला देठासकट उतरवलं, महिनाभर उन्हात वाळवलं आणि पडवीच्या वाशाला टांगलं. त्याच थंडीत तो गेला.

त्यानंतर आठ वर्षं मी तिथेच होतो. नथूची बायको सत्यवती मला पदरानं पुसायची, पण जागेवरून हलवायची नाही. मुलगा हरेश पंचायतीच्या कचेरीत नोकरीला. पडवीला नवं छत घालायचं म्हणून तो मधूनमधून कुरकुरायचा, "आई, हा भोपळा टाकून दे ना आता." ती मला पुसत राहायची. छत राहिलं ते राहिलंच.

हरेशची मुलगी खुशी कॉलेजात जाणारी. वसई रोडला जेन्सन नावाच्या तरुणाकडे ती तीन वर्षं कापोएरा शिकत होती. आफ्रिकेतून गुलाम म्हणून ब्राझीलला नेलेल्या माणसांनी घडवलेला हा खेळ. मालकाला वाटावं नाचताहेत, आणि आत शिकायची लढाई. गेल्या डिसेंबरात वसईच्या किल्ल्याजवळच्या मैदानात त्या माणसांच्या वंशजांच्या संगीताचा आणि कलांचा तीन दिवसांचा महोत्सव ठरला. बाहियाहून पंधरा जण आले. त्यांच्यात पासष्ट वर्षांची जोआना होती, जेन्सनच्या गुरूची गुरू.

विमानतळावर तिनं पेटी उघडली तर तिच्या बेरिंबावचा भोपळा चुरा झालेला. बेरिंबाव म्हणजे धनुष्यासारखी काठी, तिला ताणलेली पोलादी तार, आणि आवाज घुमावा म्हणून खाली बांधलेला पोकळ भोपळा. बेरिंबाव वाजल्याशिवाय खेळाच्या रिंगणात कोणी पाऊल टाकत नाही. महोत्सवाला एकच दिवस उरला होता.

खुशी जोआनाला आणि जेन्सनला घेऊन घरी आली.

"आजी, फक्त बघायला आणलंय त्यांना. प्रॉमिस."

"बघू दे. पन हात नको लावू म्हन."

जोआना माझ्याखाली उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागे बांधून. तिनं काहीतरी विचारलं. जेन्सननं मराठीत सांगितलं, "काकी, त्या विचारतात, हा कोणी टांगला?"

"हरेशच्या बापसानं."

"ते कुठे आहेत?"

"नायत आता. आठ वरसं झाली."

जोआना दोन पावलं मागे सरली. जेन्सन म्हणाला, "त्या म्हणतात, मग हा नको. गेलेल्या माणसानं ठेवलेली वस्तू आम्ही मागत नाही."

सत्यवतीला हे अपेक्षित नव्हतं. तिनं त्यांना बसवलं, चहा टाकला. आणि चहा देतादेता विचारलं, "एका भोपल्यासाठी एवढी धावपल कशाला गो?"

जोआना सावकाश बोलली, जेन्सन मागोमाग सांगत गेला. "आमच्या माणसांना बांधून जहाजांत घातलं. कितीतरी वाटेतच मेले. जे उतरले त्यांना मालकांनी आपल्या पसंतीची नावं दिली. आईबापांनी ठेवलेली नावं कुठे लिहिलीच गेली नाहीत. आज सकाळी तुमचा किल्ला पाहिला. ज्यांनी तो बांधला, त्यांचीच ती जहाजं. म्हणून खेळ सुरू करण्याआधी मी माहीत असलेली नावं मोठ्यानं घेते. माझ्या गुरूचं, त्यांच्या गुरूचं. ज्यांची माहीत नाहीत त्यांच्यासाठी नुसती तार वाजवते. नाव घेतलं की माणूस रिंगणात येऊन बसतो, असं आम्ही मानतो."

सत्यवतीनं हातातला कप खाली ठेवला. मग तिनं विचारलं, "आमच्या मानसाचं घेशील?"

"घेईन. काय नाव त्यांचं?"

सत्यवतीची जीभ अडली. एकेचाळीस वर्षांचा संसार, पण लग्नातल्या उखाण्यानंतर नवऱ्याचं नाव तिच्या तोंडी कधी आलं नव्हतं. रेशनच्या दुकानात ती कार्ड पुढे करायची. मृत्यूच्या दाखल्यासाठी साहेबानं विचारलं, तेव्हाही तिनं हरेशकडे बोट केलं होतं.

खुशीनं सांगायला तोंड उघडलं, तसा जोआनानं हात वर केला. "त्यांनाच सांगू दे. उद्या सांगितलं तरी चालेल."

एवढ्यात हरेश घरी आला. सगळं ऐकून तो एकदम चिडला. "आई, काय चाललंय हे? बाबांचा भोपळा आहे तो!"

"तूच टाकून दे म्हनायचास ना?"

"म्हणायचो गं. टाकणार थोडाच होतो." तो पडवीत बसला. "मीही असाच भोपळा बांधून पोहायला शिकलो. बाबा पाण्यात उभे असायचे, छातीपर्यंत."

मग हरेशच उठला, करवत घेऊन आला. मला खाली उतरवून त्यानं मांडीवर धरलं आणि अगदी हळू, तळहाताएवढं तोंड कापलं. बिया सत्यवतीनं पदरात घेतल्या. तिनं त्या मांडवाखाली पेरल्या, पण त्या किडल्या होत्या, एकही उगवली नाही. ते तिला नंतर कळलं. त्या संध्याकाळी जेन्सननं मला आतून बाहेरून घासलं आणि जोआनाच्या काठीला दोरीनं बांधलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मैदान भरलं. पाचूबंदरच्या कोळणी आल्या, नंदाखालहून माणसं आली, फ्लॅटमधली कुटुंबं मुलांना घेऊन आली. ढोल लागले, पांढऱ्या कपड्यांतली मुलं गोल करून बसली. खुशी त्यांच्यातच. सत्यवती पहिल्या रांगेत खुर्चीवर, तिच्यामागे हरेश उभा.

जोआनानं माझं तोंड आपल्या पोटाशी टेकवलं. ढोल थांबले. तिनं गुरूचं नाव घेतलं, मग त्यांच्या गुरूचं. दर नावाला रिंगणातून हुंकार आला. मग तिनं नुसतीच तार छेडली. जन्मात पहिल्यांदा माझ्या पोकळ पोटातून आवाज निघाला. आठ वर्षं बिया पोटात होत्या, पण इतका भरलेला मी कधीच नव्हतो.

जोआना थांबली. तिनं सत्यवतीकडे पाहिलं आणि वाट बघत उभी राहिली.

सगळं मैदान वळून बघू लागलं. सत्यवतीनं पदर तोंडाला लावला. तिचे ओठ हलले, पण आवाज कोणालाच ऐकू आला नाही. हरेश वाकून काही म्हणणार होता. तिनं त्याचा हात बाजूला केला, खुर्चीला धरून उभी राहिली, आणि बावखलाच्या पलीकडच्या माणसाला हाक मारावी तशी ओरडली, "नथू! होळीचा नथू!"

"नथू!" रिंगणातून उत्तर आलं. मग मी वाजू लागलो आणि खेळ सुरू झाला. सत्यवती खेळ संपेपर्यंत बसली नाही.

जोआना मला परत द्यायला आली, तेव्हा सत्यवती म्हणाली, "राहू दे. इथं नुसता टांगलेला राहील."

तर मी असा बाहियाला आलो. गेल्या महिन्यात माझ्या बगलेला तडा गेला. जोआनानं त्यात डिंक भरलाय, पण भोपळ्याचं आयुष्य ते केवढं? मी फुटलो तर हळहळू नका. एवढंच करा, तुमच्या घरातल्या ज्या माणसाचं नाव घ्यायचं राहून गेलंय, ते एकदा मोठ्यानं घ्या.

इथे शनिवारी सकाळी वर्ग भरतो, तेव्हा वसईत संध्याकाळ असते. खुशी फोन लावते आणि पडद्यावर सत्यवती दिसते. खेळाआधी इथली वीस मुलं नावं घेतात. पण "थ" त्यांच्या जिभेवर बसत नाही, सगळी "नातू" म्हणतात.

"नातू नाय गो!" सत्यवती तिकडून ओरडते. "नातू येगला. ह्यो नथू. थू म्हना, थू. न-थू!"

"ना-थू!"

"हां. परत म्हना."