पाचव्या खुर्चीवरचे तज्ज्ञ

ओझेला टिलरीने एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती. चारशे पोरांचं जेवण वेळेवर वाढणारी ही बाई कुणाची खुर्ची बघून दबणारी नव्हती. पण तिचा थोरला भाऊ एझेल चौतीस वर्षं तुरुंगात होता आणि त्याला सोडायचं की नाही हे राज्याच्या पॅरोल मंडळाच्या हातात होतं. तेव्हा तिने मंडळाची माहितीपुस्तिका मागवली, चष्मा पुसला आणि वाचायला बसली.

अध्यक्ष हार्लन स्ट्रिकली, बावीस वर्षं शेरीफ, म्हणजे जिल्ह्याचे पोलीसप्रमुख. त्यांच्याशेजारी एक माजी सरकारी वकील. त्याने किती जणांना जन्मठेप मिळवून दिली तो आकडाही अभिमानाने छापला होता. तिसरा तुरुंगाचा निवृत्त अधिकारी. चौथ्या बाई महामार्ग पोलिसांतल्या. म्हणजे पाठलाग करणारी, पकडणारा, शिक्षा मागणारा आणि कुलूप लावणारा. सोडण्याचं काम ज्यांच्याकडे दिलं होतं, त्यांच्यातल्या एकानेही आयुष्यात पिंजऱ्यातला पोपटसुद्धा सोडला नसेल.

पाचवी खुर्ची मात्र कायद्यानेच राखून ठेवलेली होती. तिथे माणसांच्या मनावर उपचार करण्याचा अनुभव असलेलं कुणीतरी हवं होतं. गव्हर्नरसाहेबांनी तिथे प्रेस्टन कल्पेपर नावाच्या गृहस्थाला बसवलं होतं. नावाखाली एकच ओळ होती: ‘वर्तनसुधारणेचा पंचवीस वर्षांचा अनुभव.’

ओझेलाला जरा धीर आला. चर्च सुटल्यावर तिने ही ओळ नदीनला वाचून दाखवली. नदीन तिच्याच स्वयंपाकघरातली जुनी सोबतीण.

“कल्पेपर?” नदीन ओरडलीच. “अगं, आमच्या बस्टरला त्यानेच तर सरळ केलं!”

“बस्टर म्हणजे तुझा नातू?”

“नातू कसला! कुत्रा! कल्पेपरची कुत्र्यांची शाळा आहे बाई, हायवेला लागून. गव्हर्नरची शिकारी कुत्री तिथेच शिकतात.”

ओझेला हसता हसता खाली बसली. मग तिचं हसू थांबलं आणि तिने त्या शाळेला फोन लावला. कल्पेपरने स्वतःच उचलला.

“एक विचारायचं होतं साहेब,” ती गोड आवाजात म्हणाली. “आमच्याकडे एक आहे, फार वर्षं बांधून ठेवलेला.”

“चावतो का?”

“लहान असताना एकदा. दुसऱ्या एका दांडगटाच्या नादी लागून. तेव्हापासून कधी गुरगुरलासुद्धा नाही.”

“आणि तरी बांधलेलाच?” कल्पेपर कळवळला. “बाई, अशाने चांगलं जनावर खचतं हो. सोडा त्याला. माझा शब्द घ्या.”

तिने फोन ठेवला. सख्ख्या भावाला आपण कुत्र्याच्या जागी उभं केलं, हे तिला पचत नव्हतं. एझेल एकोणीस वर्षांचा असताना दुकानावर दरोडा पडला, गोळी त्याच्या मित्राने झाडली, पण गाडी एझेलने चालवली होती. दुकानदार मेला. ओझेलाने ते कधी नाकारलं नाही. गेली बारा वर्षं तो तुरुंगाच्या दवाखान्यात मरणाऱ्या कैद्यांचे हात धरून बसत होता. मंडळासमोर तिने एवढंच सांगायचं, असं एझेलच्या वकीलबाईंनी बजावलं होतं. वर, नम्र राहा.

सुनावणीच्या दिवशी कैद्याला आणलंच नव्हतं. त्या राज्यात तशी पद्धतच नाही. ओझेला एकटी उभी राहिली.

“तीन मिनिटं आहेत, मॅडम,” स्ट्रिकली घड्याळ बघत म्हणाले.

तिने दवाखान्याबद्दल सांगायला सुरुवात केली. माजी सरकारी वकीलसाहेब फोनवर बोट फिरवत होते. तुरुंगाधिकाऱ्याने जांभई दिली, तीही तोंडावर हात न ठेवता. कल्पेपर तर खिडकीबाहेर बघत होते. ओझेलाची नम्रता दुधासारखी उतू गेली.

“कल्पेपरसाहेब, तुमचं मत मला आधीच मिळालंय,” ती म्हणाली. “गेल्या मंगळवारी मी तुम्हाला फोन केला होता. चावत नाही, गुरगुरत नाही, फार वर्षं बांधलेला. तुम्ही म्हणालात, सोडा.”

कल्पेपरांचा चेहरा बीटासारखा लाल झाला. “ते... ते तर कुत्र्याबद्दल होतं!”

“हो ना. कुत्र्यासाठी तुमचा जीव तुटला. माझा भाऊ माणूस आहे, हीच त्याची अडचण दिसते.”

मागच्या बाकांवर हशा पिकला. स्ट्रिकलींनी टेबल ठोकलं. पाचच मिनिटांत निकाल लागला: पाचही मतं विरुद्ध. कल्पेपरांनी हात सगळ्यांच्या आधी वर केला.

रविवारी ती तुरुंगात भेटीला गेली आणि सगळं कबूल केलं. एझेलने खुर्ची मागे सरकवली.

“मला कुत्रा म्हणालीस?”

“म्हणाले.”

“बघ पोरी, इथे त्याहून वाईट नावं ऐकलीत. पण तुझ्या तोंडून... हे लागलं मला.” मग त्याने विचारलं, “गप्प बसली असतीस तर सोडलं असतं का गं त्यांनी?”

“नाही.”

“मग आता रडू नकोस. पण पुन्हा मला विचारल्याशिवाय माझ्याबद्दल बोलायचं नाही.”

तिने मान डोलावली. तिला आयुष्यात कुणी इतकं सरळ केलं नव्हतं.

मागच्या बाकावर एक बातमीदार होता. त्याच्या बातमीवरून वकीलबाईंनी कोर्ट गाठलं. पाचव्या खुर्चीवरची नेमणूक बेकायदा ठरली, निकाल रद्द झाला. कल्पेपरांनी ‘कुटुंबाला वेळ देण्यासाठी’ राजीनामा दिला. त्यांच्या जागी गव्हर्नरचे कॉलेजातले दोस्त आले. हे नवराबायकोची भांडणं सोडवणारे समुपदेशक. स्वतःची तीन लग्नं मोडलेली, पण भिंतीवर प्रमाणपत्र खरं. कायद्याचं पोट भरलं.

दुसऱ्या सुनावणीला काय बोलायचं ते ओझेलाने एझेलला विचारून लिहून नेलं. समुपदेशकाने बाजूने मत दिलं, आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना महामार्गवाल्या बाईंनीही. उरलेले तिघे जागचे हलले नाहीत. पुढची तारीख पाच वर्षांनी.

“तीनास दोन,” एझेल फोनवर म्हणाला. “मागे शून्य होतं.”

“तू तेव्हा अठ्ठावन्नचा होशील.”

“तू सत्तावन्नची. तब्येत सांभाळ.”

आता ओझेला दर बुधवारी मंडळाच्या कचेरीत जाते. बाहेरच्या बाकावर ताटकळलेल्या आया-बहिणींशेजारी बसते. पहिल्यांदा आलेली एखादी बाई घाबरून विचारते, “आत कोण बसलेत हो? फार शिकलेले आहेत का?”

“बस,” ओझेला पुस्तिका उघडत म्हणते. “एकेकाचं सांगते.”