जळलेलं निम्मं

उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसायच्या पाळण्यात नव्वद किलोंच्या वरचा माणूस चढवायचा नाही, असा कंपनीचा नियम. ढोल्या भरला एकशे चार. मुकादमानं त्याला पाळण्यातून उतरवून तळमजल्यावर बादल्या भरायला लावलं. वीस वर्षं आभाळात काढलेल्या माणसाला ते फार लागलं. काही झालं तरी पुन्हा वर जायचं, एवढंच त्यानं डोक्यात घेतलं.

आहाराच्या डॉक्टरीणबाईंनी जेवण कमी केलं, रोज वीस मजले जिना चढायला सांगितला आणि वर बजावलं, "चढून जेवढं जळेल त्यातलं निम्मं तरी परत खायचं. ते बुडवायचं नाही."

"जळलेलं परत पोटातच घालायचं, तर जिना काय हौस म्हणून चढायचा?" ढोल्या घरी कुरकुरला.

"त्या शिकल्यात, तुम्ही नाही," बायको म्हणाली आणि दोन उकडलेली अंडी, ब्रेड असा वेगळा डबा रोज देऊ लागली. ढोल्या तो गच्चीवर कावळ्यांपुढे रिकामा करायचा. संध्याकाळी ती विचारायची, "खाल्लंत ना?" पठ्ठ्या बेधडक सांगायचा, "खाल्लं." गालफडं बसलेल्या त्या चेहऱ्याकडे ती हल्ली जरा परक्यासारखीच बघायची.

तीन महिन्यांत वजन अठ्ठ्याऐंशीवर आलं. मुकादमानं पाठ थोपटली. "आता तुझं नाव बदलायला हवं रे, ढोल्या!"

ढोल्या एकटाच पाळण्यात चढला. अकराव्या मजल्यापाशी पाळण्याच्या कठड्यावरच्या वजनकाट्याच्या आकड्याकडे त्याचं सहज लक्ष गेलं. एकशे चार. तो उभा होता डाव्या टोकाला, आणि पाळणा कलला होता उजवीकडे. उजवीकडे कोणीच नव्हतं.

"भूक लागलीय," उजवीकडून कोणीतरी म्हणालं. आवाज ढोल्याचाच होता.

डबा त्याच्या पायाशीच होता. क्षणभर त्याचा हात तिकडे गेलासुद्धा. पण तीन महिन्यांची मेहनत आठवली आणि त्यानं डबा पायानं मागे सारला. "काही मिळणार नाही," तो म्हणाला.

पाळण्यानं हिसका दिला आणि तो सरळ झाला. आकडा अठ्ठ्याऐंशी. ब्याद टळली म्हणून ढोल्यानं सुटकेचा निःश्वास सोडला आणि दुपारपर्यंत शीळ घालत काचा पुसल्या.

खाली उतरला तर मुकादम त्याच्याकडे बघतच राहिला. "अरे, तू इथे कसा? सकाळीच तर घरी गेलास ना! भूक लागलीय म्हणालास, मी म्हटलं जा बाबा."

ढोल्यानं तिथल्या तिथे घरी फोन लावला.

"अगं, मी बोलतोय. दार उघडू नकोस!"

"कोण बोलतंय?" कित्येक दिवसांत बायकोचा आवाज इतका खुशीत नव्हता. "हे जेवायला बसलेत. तीन महिन्यांनी आज पोटभर खातायत हो. तुम्ही नंतर करा फोन."